चार नंबरच्या टाकीचं नाव मी खोडलं

मी एक यादी बोलतेय. कॉम्प्युटरवर लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडलात की डाव्या बाजूला ‘नुकत्याच उघडलेल्या फायली’ म्हणून दिसते, ती मी. माझ्यापाशी फाइल नसते. तिचं नाव, ठिकाण आणि ती शेवटची उघडल्याची तारीख, एवढीच माझी पुंजी.

मला घडवणाऱ्याने एकच कानमंत्र दिला होता : “प्रोग्रॅम सुरू झाला की एकेक नाव तपास. जी फाइल जागेवर नसेल, तिचं नाव गुपचूप काढून टाक. लोकांना अडगळ खपत नाही.” मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

माझं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलं. माझी मालकीण टाक्या तपासणारी इंजिनिअर. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. शिडी उतरून यायच्या आणि गंजानं माखलेल्या बोटांनीच टाइप करायला बसायच्या. कीबोर्ड कायम तांबूस.

एकदा त्यांनी अहवाल लिहिला : ‘टाकी क्र. ४ – खांबांना भेगा – तातडीचे’. छापून मोठ्या साहेबांच्या हातात दिला.

“बघतो,” साहेब म्हणाले.

पोच घ्यावी हे बाईंच्या मनातही आलं नाही. बारा वर्षं दोघं एकाच टेबलावर डबा खात होते.

सतराव्या दिवशी टाकी कोसळली. खाली नळावर एक आई होती आणि तिची सहा वर्षांची लेक. दोघीही गेल्या.

चौकशी लागली. “मला कुणी काही कळवलंच नव्हतं,” साहेबांनी हात झटकले. बाईंनी फोल्डर उघडलं, तर फाइल गायब. ते फोल्डर साहेबांच्या खोलीतूनही उघडता येई.

पण प्रोग्रॅम आदल्या दिवसापासून चालूच राहिला होता, त्यामुळे मी अजून तपासणी केली नव्हती. बाईंची नजर माझ्यावर पडली. नाव, ठिकाण, तारीख, सगळं जागच्या जागी. त्या धावतच शेजारच्या खोलीत, चौकशीला आलेल्या तपासनिसांकडे गेल्या.

“फाइल कुणीतरी उडवलीय, पण तिचं नाव शिल्लक आहे. तारखेसकट. आत्ताच्या आत्ता चला.”

“नुसत्या नावानं काय होणार, बाई?”

“फाइल होती एवढं तरी कळेल ना? मग पुढचं तुम्ही शोधा.”

“बरं, चला,” म्हणत तपासनीस उठले.

तेवढ्यात वीज गेली. पाच मिनिटांनी आली. बाईंनी मशीन सुरू केलं, प्रोग्रॅम उघडला. तपासनीस चष्मा सावरत मागे उभे होते. आणि मी माझं काम चोख बजावलं. ते नाव काढलं, खालचं वर सरकवलं. मध्ये फटसुद्धा राहू दिली नाही.

“कुठाय?”

“इथंच होतं हो. आत्ता, आत्ता होतं!”

“माफ करा. ‘होतं’ एवढ्यावर मला काही लिहिता येत नाही.”

बाई निलंबित झाल्या. खण रिकामा करायला आल्या, तेव्हा त्या मुलीचा बाप दारात उभा होता.

“टाकी तुम्हीच तपासत होता ना? तुम्हाला कळलं नव्हतं?”

“कळलं होतं. लिहूनही दिलं होतं.”

“मग दाखवा.”

बाईंनी माउसवर हात ठेवला. तो तिथंच राहिला. बाप निघून गेला.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनो, तुमच्या पाया पडते. फाइल सापडली नाही तर तिचं नाव फिकट करा, शेजारी लिहा : ‘इथे होती, आता नाही.’ ती पेनड्राइव्हवर असेल, कुणी हलवली असेल, कुणी मुद्दाम उडवली असेल. मला त्यातलं काही कळत नाही. ज्याची फाइल आहे त्याला विचारा, त्यानं सांगितलं तरच मला खोडायला लावा.

आता बाईंच्या जागी दुसरा इंजिनिअर बसतो. गावात अजून पाच टाक्या उभ्या आहेत. माझ्यात नऊ नावं आहेत, रजेचे अर्ज, बैठकांची पत्रं. टाकीचं एकही नाही. तोही शिडी उतरून येतो, हात स्वच्छ धुतो, आणि काहीच लिहीत नाही.