दुसऱ्या गुरुजींची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण माझी कीव करू नका. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारे आमचे गाव. तिथल्या प्राथमिक शाळेत दुसऱ्या गुरुजींसाठी बिसराम सुताराने मला बिजा झाडाच्या टणक लाकडातून घडवले. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! पाढा चुकला की माझ्यावर बसणारे हेमेंद्र गुरुजी माझ्या हातावर थाप मारत आणि वर्ग पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागे.

मग गुरुजींना 'तात्पुरते' दुसऱ्या शाळेत पाठवले. ते तात्पुरते आजवर संपलेले नाही. मागे उरलेल्या नूतन मॅडम एकट्याच पाच वर्ग सांभाळतात. पहिली-दुसरी फळ्याकडे तोंड करून बसते, बाकीचे मागच्या भिंतीकडे, माझ्यासमोर. मॅडम लहानग्यांची अक्षरे गिरवून घेतात, तोवर मोठी मुले माझ्याकडे बघत राहतात. मी काय शिकवणार, कपाळ! चौथीतल्या रुचिकाला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही. पोरगी मठ्ठ नाही हो, तिच्या वाट्याला शिक्षकच येत नाही. याचा मला संताप येतो.

परवा तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब आले. "तालुक्याची सरासरी बघता शिक्षक पुरेसे आहेत," म्हणाले आणि माझ्यावर बसू लागले.

शाळा समितीच्या अध्यक्ष मंदाबाई शेतातून, धानाच्या रोवणीच्या चिखलासकट धावत आल्या होत्या. "थांबा जी साहेब! ते गुरुजीची खुर्ची होय. अन् तलावाचं पाणी एकाच्याच बांधीत सोडलं, तं सरासरीनं माह्या बांधीत धान होईल का?"

साहेब उभेच राहिले, पण शिक्षक काही देईनात. उलट हसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गावाने भर हंगामात रोवणी थांबवली. मला आणि मुलांना ट्रॅक्टरवर चढवले आणि साहेबांच्या कार्यालयाच्या दारातच शाळा भरवली. मुले माझ्यासमोर बसून पाढे म्हणू लागली. पाढे चुकत होते, तरी मुद्दाम मोठ्याने.

शिपाई ओरडला, "खुर्ची बाजूला घ्या!"

"कायले?" मंदाबाई म्हणाल्या. "गुरुजी द्या, खुर्चीसंगच घेऊन जातो."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, रंगवा, असे मी सांगणार नाही. मला रंग नको, मला गुरुजी हवेत. ते मिळेपर्यंत मी या दारातून हलणार नाही. कोणाची छाती असेल, त्याने मला उचलून दाखवावे!