चौथ्या वळणावर घासणारं चाक

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. किलोमीटर मोजणारा माझा काटा केव्हाच बंद पडलाय, आणि मलाही आता मोजायचा कंटाळा आलाय. सध्या मी एका गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली उभी असते. नुसतं उभं राहूनही माणूस थकतो, तशी मीही थकते. पण बोलण्याइतका दम अजून आहे, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. अंगावर पत्रे चढले, पुढे इंजिन बसलं, चार बारीक टायर लागले आणि मला दाराबाहेर ढकललं. मला घेतलं ते डोंगरावरच्या एका वाडीतल्या माणसाने. वाडी ते खालचं बाजाराचं गाव, एवढीच माझी दुनिया. मध्ये सतरा वळणं, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. शाळेची मुलं, भाजीच्या पाट्या, शेळ्या, बाळंतिणी, सगळ्यांना मी वाहिलं. लोक म्हणायचे, "गाडी नाही, सोनं आहे सोनं!" तेव्हा मी फुलून जायची. कौतुकाने टाकी भरत नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

एकदा वरून दगड आला आणि माझा उजवा मडगार्ड पार चेपला. मालकांनी तो घरीच, लाकडी हातोडीने आठ दिवस ठोकून सरळ केला. मोजमाप कुठलं आलंय! कड दोन बोटं खाली उतरली, रंगही जरा गडद लागला. पण मालक त्याच्याकडे बघून असे खूश व्हायचे की मला तो चेपलेलाच आवडायला लागला. पुढच्या वर्षी मालक तापाचं निमित्त होऊन गेले. तेव्हापासून त्यांची बायको मला चालवायला लागली. सगळी वाडी तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

मालकांच्या धाकट्या भावाचं खाली बाजारात गॅरेज आहे. वहिनी त्यांना भाऊजी म्हणते. कामाला एक नंबर, पण गाडीत बसून घाट चढायचा म्हटलं की त्यांच्या पोटात ढवळतं. मिस्त्री असून उलट्या! त्यामुळे स्वारी वाडीवर कधी यायचीच नाही. त्यांची आई, म्हणजे आजी, वर वहिनीपाशी राहते. ती दर महिन्याला माझ्यातून खाली यायची, लेकाच्या गालावरून हात फिरवायची, "वाळलास रे" म्हणायची आणि परत वर जायची.

मग एका वर्षी ओढ्याने रस्त्याचा मोठा तुकडा नेला. उरले नुसते धोंडे. दर फेरीला माझं पोट खरडून निघायचं, दोनदा तर तेलाचं भांडंच फुटलं. आजीला हिसके सोसवेनात, तिचं येणं बंद झालं. तेव्हा वहिनी गॅरेजात आली आणि म्हणाली, "भाऊजी, गाडीचं पोट वाचवा. नाहीतर एक दिवस ही ओढ्यातच बसकण मारेल."

भाऊजींनी मला मोठे, जाड दातांचे टायर लावले. मी तीन बोटं उंच झाले. म्हातारपणी उंच व्हायचं भाग्य कुणाला लाभतं? स्टिअरिंग या टोकाला फिरव, त्या टोकाला फिरव, भाऊजींनी चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून पाहिली. "बघा वहिनी, कुठे घासायचं नाव नाही!" ते खोटं बोलत नव्हते. पण गॅरेजचं अंगण सपाट होतं आणि मी रिकामी होते.

दुसऱ्या दिवशी नऊ माणसं घेऊन मी खाली निघाले. वरून चौथं वळण डावीकडे आहे, एकदम आवळलेलं. उतारामुळे सगळा भार माझ्या नाकावर, त्यातही उजव्या चाकावर आला. चाकावरचे स्प्रिंगचे पाटे दबले, चाक पूर्ण वळलं आणि टायर जाऊन भिडला मडगार्डच्या कडेला. घर्रर्र! जळक्या रबराचा वास सुटला. मागच्या बायकांनी देवाचा धावा सुरू केला. वहिनीने कसंबसं मला खाली आणलं.

आता मित्रांनो, ती कड ठोकून आत वळवली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. भाऊजींनी हातोडी उचललीही. मग मडगार्डवरून हात फिरवला आणि हातोडी खाली ठेवली. "याला नाही हात लावणार मी. दादाच्या हातचं आहे हे."

त्यांनी दुसरी वाट काढली. चाकामागे एक बोल्ट असतो. चाकाने किती वळायचं ते तो ठरवतो. भाऊजींनी तो बराच बाहेर काढला. चाक कमी वळायला लागलं, घासणं थांबलं. पण जे वळण मी एका दमात घ्यायची, तिथे आता दोनदा मागे-पुढे व्हावं लागे. मागे दरी!

वहिनी आठवडाभराने परत आली. "भाऊजी, टायर घासत नाही हे कबूल. पण गाडी वळतेय कुठे?"

"दोनदा मागे घ्या की. घाई कसली आहे?"

"एकदा माझ्या शेजारी बसून बघा, मग बोला."

"नको हो, मला उलटी होते."

वहिनीने वर्षभर तेच सांगितलं आणि भाऊजींनी वर्षभर तेच उत्तर दिलं. मला दोघांचाही राग यायचा. पण मला कोण विचारतो?

आणि एका सकाळी आजी उंबऱ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, खाली आणा, पण जपून. हिसके बसले तर हाड आणखी सरकेल, मग ती पुन्हा चालेल याची खात्री नाही. वहिनी आणि मी तेव्हा खाली बाजारात होतो; त्या दिवशी भाऊजी आपणहून माझ्यात बसले. चढताना दोनदा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. चौथ्या वळणावर वहिनीने मला मागे घेतलं तेव्हा डोळे मिटून बसले.

उतरताना आजी मागे गादीवर होती. शेजारीण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पहिली तीन वळणं मोकळी, ती मी हलक्या पावलांनी घेतली. चौथ्यावर चाक अडलं. वहिनीने मला मागे घेतलं, माझं मागचं चाक एका धोंड्यावर चढलं आणि धप्पकन उतरलं. आजी अशी ओरडली की माझ्या काचा थरथरल्या.

"थांबवा! वहिनी, थांबवा गाडी!"

"थांबवून काय करू, भाऊजी? अशी अजून पाच वळणं आहेत. प्रत्येक ठिकाणी दोनदा मागे."

भाऊजी उतरले. माझ्या सीटखालची हत्यारं काढून त्यांनी तो बोल्ट आत फिरवला. मग वहिनीला म्हणाले, चाक हळूच वळवा. टायर कडेला येऊन टेकला. भरलेली, उतारावर वाकलेली मी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. ते मातीत फतकल मारून बसले, हातात हातोडी, आणि हात काही उठेना.

वहिनी खाली उतरून त्यांच्याजवळ गेली. "हे असते ना भाऊजी, तर त्यांनी केव्हाच ठोकलं असतं."

आतून आजीचा आवाज आला, "काय चाललंय रे?"

"मडगार्डची कड वाकवायचीय, आई. दादाने केलेली."

आजी कण्हतच म्हणाली, "अरे, पत्रा आहे तो. मी अजून जिवंत आहे इथे."

भाऊजी रडत रडत ठोकत होते. गडद रंगाच्या खपल्या मातीत पडत होत्या. मला लागलं, खोटं कशाला सांगू? पण कड आत गेली. पुढची पाचही वळणं मी एका दमात घेतली, आणि आजीचा आवाज पुन्हा आला नाही. दवाखान्याच्या दारात तिला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा कुठे भाऊजी गटारापाशी जाऊन पोटातलं सगळं ओकले.

आजीचं ऑपरेशन झालं. ती चालते, पण काठीशिवाय नाही. डॉक्टर म्हणाले, हाड वाटेत थोडं सरकलंच होतं.

गेल्या वर्षी माझं इंजिन संपलं आणि मी इथे छपराखाली आले. मोठे टायर लावायला अजूनही गाड्या येतात. भाऊजी आता गॅरेजातली सगळी माणसं गाडीत कोंबतात, उतारावर नेतात, चाक पूर्ण वळवतात आणि स्वतः खाली वाकून बघतात. माझी विनंती तेवढीच आहे, मित्रांनो. गाडी असो की माणूस, रिकामं उभं करून "बरं आहे ना?" असं विचारू नका. ओझं असताना जवळ या आणि कुठे घासतंय ते बघा. आणि रोज त्या वाटेने जाणारं कुणी सांगत असेल, तर ऐका. वहिनी वर्षभर साध्या शब्दांत सांगत होती. आजीला ओरडावं लागायला नको होतं.