सांदणांच्या दिवशीची गोळी

पेल्याच्या आतली ती बारीक रेघ... पाणी तिथपर्यंतच. सुरीच्या टोकाने शगुफ्ताने ती स्वतःच ओढली होती आणि आता सासरे पलंगावरून पेल्याकडे असे बघत होते, की तिला तो ओढणीआड लपवावासा वाटला.

“घोटभर तरी दे गं. जीभ सुकली.”

“डॉक्टर नाय बोललेत, अब्बा. थोड्या वेळानं देते.”

बायपासनंतर हृदय छान चाललं, पण मूत्रपिंडं थकली. पाय सुजले, लघवी कमी झाली. सकाळीच खालापूरच्या लॅबचा माणूस रक्त घेऊन गेला होता. आज क्रिएटिनिनचा आकडा वाढला तर डायलिसिस. वय झालंय, मधुमेह जुना आहे, अशा ऑपरेशनात मूत्रपिंडांवर ताण येतोच, असं डॉक्टर म्हणाले होते. येतोच – या एका शब्दाच्या आधारावर ती दिवस काढत होती. पण त्याच डॉक्टरांनी आधी बजावलं होतं, मधुमेहाची ती लघवीवाटे साखर काढणारी गोळी ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद करा, विसरू नका. आणि झुहेबने, तिच्या नवऱ्याने, ते काम निर्धास्तपणे तिच्यावर सोपवलं होतं.

बंद केलीच होती की! मग कर्जतहून अब्बांची थोरली बहीण, फुफी, आली, तांदळाच्या गोड सांदणांचा डबा घेऊन. ऑपरेशनला निघालेल्या माणसाचं तोंड गोड केल्याशिवाय या घरात कोण पाठवतं? एक अब्बांनी खाल्लं, दुसरं फुफीने भरवलं, नारळाच्या दुधात बुडवून, मग आणखी एक... फुफीच्या हातातला घास सुनेने कसा अडवायचा? आणि नंतर, साखर वाढली तर ऑपरेशन पुढे ढकलतील या धास्तीने, कुणाचं लक्ष नाही बघून तिने तीच गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. डबा दुसऱ्या दिवशीही संपला नव्हता, म्हणून पुन्हा. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तिने दिलेली गोळी ते कधी विचारून घेतच नाहीत.

तेवढ्याने एवढं होतं का? डॉक्टर कदाचित म्हणाले असते, छे, त्याचा काही संबंध नाही. पण विचारायचं तर आधी सांगायला हवं, आणि झुहेब नेमका शेजारी उभा असायचा.

दुपार कलल्यावर झुहेब फोन हातात घेऊनच आत आला. “आकडा उतरला, अब्बा! डॉक्टर बोलले, डायलिसिसची गरज नाय.”

अब्बांनी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. मग शगुफ्ताला जवळ बोलावून तिचा हात धरला.

“हिनं सांभाळलं म्हणून जगलो रं,” ते मुलाला म्हणाले.

शगुफ्ता हसली. एकदम हलकं वाटलं तिला – आणि त्या हलकेपणातच कळलं, की आकडा ऐकताक्षणी मनात पहिलं आलं ते ‘अब्बा वाचले’ हे नव्हतं. आता सांगावं लागणार नाही, हे होतं. गोळी तिने घाबरून दिली होती, त्यांच्या भल्यासाठीच दिली होती, असं स्वतःला कितीदा तरी समजावता आलं होतं. पण हे?... अब्बांनी हात अजून धरूनच ठेवला होता. तो सोडवून घ्यावा की तसाच राहू द्यावा, तिला कळेना.