आरसा पुसणाऱ्या बाई

"थांबा. दाढीनंतर काहीतरी लावलंय तुम्ही," दारातल्या बाई म्हणाल्या.

"थेंबभर हो!"

"थेंबभरसुद्धा चालत नाही. उद्या या."

प्रमुख शास्त्रज्ञ मुकाट्याने मागे फिरले. दुर्बिणीच्या खोलीत बाईंच्या नाकापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

सूर्याच्या प्रभामंडळाचा जो प्रकाश मोजायचा, तो हवा गिळून टाकते. म्हणून दुर्बीण रॉकेटमधून हवेच्याही वर पाठवायची. पाच मिनिटं बघून घ्यायचं, की खाली. दुर्बिणीतल्या आरशावर तेलकट वाफ धरली तर तो आंधळा. मागे बाई रजेवर असताना कुणाच्या तरी क्रीमने तसं झालं आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून उड्डाण ठरलं की त्या सकाळी आरसा पुसून होईपर्यंत बाई अंगाला काही लावत नसत, लावलेल्याला शिवतही नसत.

आणि नेमकी आत्ताच लेक तान्हं बाळ घेऊन आली. तेलाने चोपडलेलं, पावडरीने पांढरं झालेलं, गुबगुबीत. बाई दारातूनच त्याच्याशी बोबडं बोलायच्या. गुरुवारी रॉकेट सुटलं की घेणारच होत्या. पण वरचा वारा पडेना. गुरुवारचा सोमवार झाला, आणि लेकीचं विमान रविवारी.

"आई, घे गं एकदा. मग कर चांगली अंघोळ."

"अंघोळीने जात नाही गं. केसांत बसतं, नखांत बसतं."

"दुसरं कुणी पुसेल की! तुझ्यावाचून सूर्य उगवायचा राहणार आहे का?"

"मागे दुसऱ्यांनीच पुसला होता."

"मग बस आरसाच मांडीवर घेऊन!" लेकीने बाळाला खांद्यावर घेतलं. "पुढच्या वेळी ही धावत येईल. मांडीवर मावायची नाही."

ते का बाईंना कळत नव्हतं? त्यांचे हात अक्षरशः दुखत होते. टॅक्सी वळेपर्यंत त्या पायरीवर उभ्या राहिल्या, हात छातीशी घट्ट आवळून.

सोमवारी रॉकेट गेलं. पडद्यावर प्रभामंडळाच्या कमानी उमटल्या, केसाएवढ्या बारीक, स्वच्छ. प्रमुखांना रडूच आलं.

"बाई, एक डाग नाही! मागा काय हवं ते."

"आज जरा लवकर जाऊ?"

घरी पलंगाखाली बाळाच्या तेलाची बाटली राहून गेली होती. बाईंनी ती तळहातावर ओतली, दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले. मग डावा हात वाकवून मांडीवर धरला, इवलंसं डोकं सावरावं तसा, आणि तेल जिरेपर्यंत तशाच बसून राहिल्या.