हयातीचा अंगठा

"आपका कंप्यूटर बंद कर दिया गया है. चोरी पकड़ी गई है. तुरंत इस नंबर पर फोन कीजिए, नहीं तो पुलिस..."

लॅपटॉपमधली बाई हिंदीतून ओरडत होती आणि तिच्या मागं भोंगा वाजत होता. पोशेऱ्याच्या वरच्या खिंडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये अंगठे द्यायला बसलेली माणसं दचकून उभी राहिली. सुकऱ्याबाबाच्या हातातली मळलेली तंबाखू खाली सांडली.

प्रतिक्षानं आवाजाचं बटण दाबलं. आवाज हटेना. फुलीवर बाण नेला, तर फुली दाबताच दुसरी चौकट उघडली, आणखी लाल, आणखी मोठी.

"काय झाला गं पोरी? कोण बोलतं यात?" सुकऱ्याबाबा वाकून बघायला लागला. "पोलीस म्हनली का ती?"

"नाय बाबा. जाहिरात हाय. बसा."

शेडच्या बाहेर, रस्त्याकडच्या दगडावर बसलेली गंगी मात्र 'पोलीस' शब्द ऐकून केव्हाच उभी राहिली होती. तिनं पदर खोचला, झाडीकडं एकदा बघितलं. पळायला वाट आहे का, हे ती आधी बघते. ती प्रतिक्षाची आई. तिचा नवरा वाळू. गावात कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली आणि कातकऱ्याचा म्हणून पोलिसांनी वाळूला उचलून नेलं. मोटर नंतर मालकाच्या मेव्हण्याकडंच सापडली. वाळू घरी आला तो पाय ओढत आला, आणि पुढच्या शिमग्याआधी गेला. कुणी माफी मागितली नाही. कातकऱ्याची माफी कोण मागतं?

खालच्या पाड्यांवर रेंज नाही. समाजमंदिराच्या भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगात 'डिजिटल' असं लिहून गेलंय आणि त्या अक्षरांवर बाया गोवऱ्या थापतात. रेंज आहे ती इथं खिंडीत, तीही डाव्या खांबाजवळ. म्हणून प्रतिक्षा रोज सकाळी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन तांदळाच्या गोणीत घालून घाट चढून येते, पालथ्या घमेल्यावर मांडते. हे अंगठ्यांचं सेवा केंद्र तिचं नाही. परवाना जव्हारच्या दिपेशभाऊच्या नावावर, मशीन त्याचं, ती फक्त बसते. पण बसते. तिच्या घराण्यात आजवर जो कुणी बसला तो भट्टीवर विटा पाडायला उकिडवाच बसला. दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांचे ट्रक येतात. मुकादम सोम्या घरोघर फिरून गेला होता. "पोरीला पण चढवा ट्रकवर, हात चांगलं हायेत तिचं," असं गंगीला सांगून गेला होता. प्रतिक्षा आणि तो ट्रक यांच्यामध्ये एवढंच होतं, एक घमेलं आणि त्यावरचा लॅपटॉप.

आणि आता तो चोर-चोर म्हणून ओरडत होता.

हे दिवस हयातीचे. वर्षातून एकदा म्हाताऱ्यांनी आणि विधवा बायांनी मशीनवर अंगठा ठेवून आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायचं, तरच पेन्शनचा पगार पुढं चालू. माणूस समोर उभा आहे, खोकतोय, शिव्या देतोय. पण काचेवर हिरवा दिवा लागला नाही तर तो मेला. ज्यानं हे ठरवलं त्यानं आयुष्यात कधी विळा धरला नसणार. इथं बोटं नाचणी कापून, दगड उचलून, चिखल मळून गुळगुळीत झालेली. म्हणून ठेवण्याआधी अंगठा केसांतून फिरवायचा. डोक्याचं तेल लागलं की काच धरते, हे इथल्या माणसांनी स्वतःच शोधून काढलंय. तरी काहींचे धरत नाहीत. गंगीचा तर कधीच धरला नाही.

प्रतिक्षानं रोहिणीला फोन लावला. रोहिणी जव्हारच्या संगणक क्लासमधली तिची मैत्रीण, आता तिथंच एका दुरुस्तीच्या दुकानात बसते.

"रोहिणी, माझा लॅपटॉप गेला गं."

"ओरडतंय कोण मागं?"

"तेच ओरडतंय! नंबर दिलाय, लावू का त्यावर?"

"लावलास तर तुझी-माझी मैत्री संपली. तो नंबर चोराचाच आहे. पोलीस असं लॅपटॉपमधून बोंबलत येतात का? आधी हॉटस्पॉट बंद कर."

तिनं बंद केलं. बाई वाक्य अर्धं टाकून गप्प झाली. खिंडीत एकदम खालच्या खुरासणीच्या शेतातल्या मधमाश्यांची घुंघुं ऐकू आली.

"आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. यादी येईल. तुझा ब्राउझर दिसतोय? त्याला तिथूनच मार."

लाल चौकट गेली. सुकऱ्याबाबा म्हणाला, "मेला का?"

"मेला नाय बाबा, झोपला," प्रतिक्षा म्हणाली.

"नीट आठव," रोहिणी म्हणाली. "हे कधीपासून?"

कालपासून. सरकारी साइटचं नाव टाकलं की आधी भलतंच पान डोकावायचं, भिंगाचं चित्र असलेलं. मग यादी यायची, त्यातलं पहिलं दाबलं की साइट उघडायची. थोडी वेगळी दिसायची. तिला वाटलं, नवीन केली असेल. सरकार सारखं काहीतरी नवीन करतं.

"आणि त्या पहिल्यावर तू पासवर्ड टाकलास."

प्रतिक्षानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"प्रतिक्षा?"

"टाकला. काल पण, आज सकाळी पण. काल अंगठ्याला कुणी आलं नव्हतं, पण आज नवशीआजीचा आधार नंबर पण टाकला."

नवशी शेडमध्येच होती, खांबाला टेकून. आपलं नाव ऐकून तिनं बोळक्या तोंडानं हसून बघितलं. सकाळी पहिला अंगठा तिचा लागला होता. हिरवा दिवा बघून ती मशीनच्या पाया पडली होती.

"अंगठा गेला असंल का गं तिचा?" प्रतिक्षानं आवाज अगदी खाली आणला.

"अंगठा सहसा जात नाही. मशीन तो आतच बांधून पुढं पाठवतं. पण नंबर आणि तुझा पासवर्ड गेला असं धरूनच चाल. हे बघ, लॅपटॉप चांगला आहे, साइट चांगली आहे. फाट्यावरची पाटी कुणीतरी फिरवून ठेवलीय. तू निघतेस मोखाड्याला, पोचतेस चोराच्या दारात, आणि दार मोखाड्यासारखंच रंगवलेलं. कळलं? आता सांग, नेटवरून काय उतरवून घेतलंस?"

"कायतरी घेतलं असंल."

"कायतरी नाही. काय?"

प्रतिक्षानं आईकडं बघितलं. गंगी पुन्हा दगडावर बसली होती. शेडच्या बाकावर जागा असली तरी ती तिथं बसत नाही.

"अंगठा वाचायचं," ती म्हणाली. "झिजलेला अंगठा पण लगेच वाचेल, असं लिहिलं होतं. हिरवं बटण होतं. आयेसाठी घेतलं मी."

रोहिणीचा आवाज मऊ झाला. "बरं. चल, काढू."

प्रोग्रामांची यादी तारखेनं लावली. वरच ते अंगठ्याचं बसलं होतं, आणि त्याच दिवशी त्याच्या पाठीवर बसून आलेलं आणखी एक, शोधायला मदत करतो म्हणणारं. दोन्ही काढली. काढताना त्यानं विचारलं, खरंच काढायचंय का, आणि 'राहू द्या' हे बटण मोठं निळं, 'काढा' हे कोपऱ्यात फिकट, वाचताच येऊ नये असं. चोराची विनवणी अशीच असते. मग ब्राउझरला चिकटलेलं भिंगाचं एक्स्टेन्शन उपटलं. शोधायचं पान पहिल्यासारखं केलं. ज्या साइटांना तिनं नकळत 'सूचना पाठवा' म्हणून परवानगी दिली होती, त्या सगळ्या पुसल्या. भोंगा तिथूनच यायचा.

"आता नेट लाव. उघड."

तिनं उघडलं. भिंग परत आलं.

तिच्या तोंडून बारीक किंचाळी निघाली. गंगी धावत आत आली. "काय? काय केला तुना?"

"काय नाय केला आये! तू जा!"

तेवढ्यात रोहिणीच्या फोनच्या मध्ये दिपेशभाऊचा फोन घुसला. ती रोहिणीला थांब म्हणाली.

"दुपार झाली, सकाळपासून यादीत एकच अंगठा दिसतोय. झोपलीस का?"

तिनं सगळं सांगितलं. ते हिरवं बटण मीच दाबलं, हेही सांगितलं. दिपेशभाऊ ओरडला नाही. तो समजावणीच्या सुरात बोलला, आणि त्यानं ती जास्त घाबरली.

"हे बघ प्रतिक्षा. असलं सगळ्यांच्या मशीनमध्ये येतं. लोकांना सांगत बसू नकोस. चालू ठेव, अंगठे घे, रविवारी मी बघतो."

"पासवर्ड गेलाय भाऊ. लोकांचे नंबर जातील."

"आणि तू बोंबललीस तर काय जाईल? माझं नाव जाईल. तुझं तर... तुला माहीत आहे लोक काय म्हणतील. कातकरणीच्या हातात दिलं आणि बघा. मी म्हणत नाही, लोक म्हणतील."

तो स्वतः म्हणतच नव्हता. असली माणसं कधीच काही म्हणत नाहीत. सगळं लोकच म्हणतात.

"गप राहशील तर खुर्ची तुझी," दिपेशभाऊ म्हणाला. "नाहीतर उद्या मशीन जव्हारला आणून दे. दुसरी पोर बघतो."

त्यानं फोन ठेवला. खुर्ची म्हणे. घमेल्यापुढं खताची गोणी अंथरून ती बसत होती.

समोर माणसं बसली होती. सुकऱ्याबाबानं पुन्हा तंबाखू काढली होती, मधूनच अंगठा केसांतून फिरवत होता, आपला नंबर आला की तयार असावं म्हणून. चालू ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. महिन्याभरानं कुणाचं तरी खातं रिकामं झालं असतं आणि बँकेतल्या साहेबानं त्यांना हाकलून दिलं असतं, त्यांना कुठं चोरी कुठून झाली ते कळणार होतं? तिला मात्र कळलं असतं. आणि वाळूची पोरगी असून, खऱ्या चोराला दार उघडून देणारी ती ठरली असती.

तिनं रोहिणीला फोनवर परत घेतलं. "ते परत आलंय."

"घाबरू नको. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चित्रावर उजवी टिचकी मार. प्रॉपर्टीज. टार्गेटच्या ओळीत शेवटी बघ, शेपूट चिकटलंय का."

होतं. ओळीच्या टोकाला एका भलत्याच साइटचा पत्ता. चित्र दाबलं की आधी तिथंच न्यायचं. ब्राउझर आतून किती धुतला तरी उंबऱ्यातच घाण होती. तिनं शेपूट तोडलं, लॅपटॉपमधल्याच व्हायरस-तपासणीला पूर्ण झाडा घ्यायला लावला, आणि तो चालला असताना स्वतःच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलला. उन्हं कलली. एक जीप येऊन थांबली, कुणी चढलं नाही, निघून गेली. झाडा संपला. तिनं साइटचं नाव टाकलं. नीट उघडली. बंद करून पुन्हा उघडली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. भिंग आलं नाही.

"सुटलीस," रोहिणी म्हणाली.

प्रतिक्षा उठली. पाय मुंग्यांनी भरले होते. ती नवशीसमोर जाऊन खाली बसली, पण बोलली सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नवशीआजी, यात चोर शिरला होता. मीच आणला, चुकून. तो आता काढलाय. पण सकाळी तुजा नंबर त्याला दिसला असंल. उद्या मी तुज्यासंगं बँकेत येन. अंगठ्याला कुलूप लावून घेऊ, म्हंजे कोनी काय काढनार नाय."

नवशीचं हसू हळूहळू विझलं. तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"अंगठ्याला कुलूप?" सुकऱ्याबाबा म्हणाला. "आनी चोराला कोनी घेतला आत? तूच ना?"

"मीच."

"तरी मी म्हनत होतो." तो बाकीच्यांकडं वळला. "पोरगी शिकली, बरा झाला. पन हातात दिला कोनाच्या, ते बघाया नको?"

कुणी त्याला गप केलं नाही. कुणी दुजोराही दिला नाही. माणसं नुसती उठली. पिशव्या, काठ्या उचलल्या. सगळ्यांचे उजवे हात कुठं ना कुठं लपले, काखेत, खिशात, पदरात. "मोखाड्याला जाऊन लावू," कुणीतरी म्हणालं. ती शेडच्या पत्र्याबाहेर रस्त्याच्या कडेला जीपची वाट बघत उभी राहिली, पाठ शेडकडं करून.

प्रतिक्षानं दिपेशभाऊला निरोप टाकला: मशीन साफ केलंय, उद्या आणून देते. मग वायर गुंडाळायला घेतली.

"थांब," गंगी म्हणाली.

ती दगडावरून उठून आत आली होती. शेडच्या आत, घमेल्यासमोर, गोणीवर. मांडी घालून नीट बसली.

"माजा राहला."

"आये, तुजा उमटत नाय. किती वेळा बघितला आपन."

"उद्या मशीन नसंल."

प्रतिक्षानं वायर परत जोडली. पान उघडलं, खरं पान. आईचा नंबर तिला पाठ होता. गंगीनं अंगठा केसांतून फिरवला, डोक्याला तेल फारसं नव्हतं, म्हणून पुन्हा फिरवला, आणि काचेवर ठेवला.

लाल.

"जरा दाब."

लाल. डावा ठेवला, लाल. परत उजवा. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली होती. सुकऱ्याबाबापण. खालून घाट चढणाऱ्या जीपचा आवाज जवळ आला.

"आये, उचल आता."

गंगीनं मान हलवली. काचेखालचा लाल उजेड तिच्या अंगठ्याच्या कडांतून बाहेर येत होता. जीप आली, थांबली, माणसं चढली, दार आपटलं. गंगीनं अंगठा उचलला नाही.