मागच्या चाकातली हवा

"चल रे मेहुण्या, तळं दिसायला लागलं!" भावोजी ओरडले, पण सायकलवर बसले नाहीत. हँडल धरून नुसते उभे राहिले. ओठ पांढरे पडलेले, आणि गार वारा असूनही मानेवरून घाम निथळत होता.

मी इस्पितळात ब्रदर आहे. असला घाम मला चांगला ओळखता येतो.

"डावा हात का चोळताय?"

"आठवडाभर दगडधोंड्यांतून सायकल हाणलीय, हात काय गाणं म्हणेल? पित्त झालंय, दुसरं काही नाही."

पित्तावरची गोळी म्हणून मी त्यांना ॲस्पिरिन चघळायला लावली. बसा म्हटलं तर डोळे वटारले. उतार संपला की तळं, आणि तळ्याकाठी गाडी घेऊन थांबलेली ताई. जन्मभर लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरलेला माणूस. स्वतःसाठी काढलेली ही पहिलीच सफर, ती त्यांना सायकलवरूनच संपवायची होती. हट्टी म्हणजे किती हट्टी! पण बिघडलेली वस्तू टाकून हा माणूस पुढे जात नाही, एवढं मला ठाऊक होतं. त्यांची पाठ वळताच मी माझ्या मागच्या चाकातली हवा सोडली.

"भावोजी, पंक्चर!"

"आत्ताच व्हायचं होतं होय रे?" म्हणत ते खाली बसले. माझा जीव भांड्यात पडला. हात लावू नका, असं बजावून मी फोनला रेंज शोधत वरच्या खडकावर धावलो.

"ताई, गाडी वर आण. लगेच. दवाखान्यात जायचंय."

वळून बघतो तर काय, भावोजी पंप मारत होते! धावत जाऊन तो हिसकावला. देवा, हे मी काय करून बसलो!

"पंक्चर नाहीये रे," ते धापा टाकत म्हणाले. "कुणीतरी हवा सोडलीय." माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. "बरं. थांबू."

गाडी आली. ताई दार उघडं टाकूनच धावली. "अहो, काय होतंय तुम्हाला?"

"मला कुठे काय! याची सायकल पंक्चर झाली. एकट्याला कसा सोडू?" बोलताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांचा हात गार पडला होता.

ताईची नजर माझ्या टणक चाकावर गेली. तिने गाडीचं मागचं दार उघडलं. आम्ही त्यांना मागच्या सीटवर टेकवून बसवलं. सायकली तिथेच राहिल्या.

खाली तळं आलं.

"जरा हळू घे गं," भावोजी म्हणाले.

एरवी त्यांच्या एका शब्दासरशी ब्रेक दाबणाऱ्या ताईने गाडी हळू केली नाही.