परीक्षित साहेबांची रबरी गांडुळं

कोकणातला माणूस म्हटला की त्याला मासे पकडता येणारच, अशी पुण्याच्या लोकांची ठाम समजूत असते. आमचं गाव माणगावपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. वडील शिंपी. मासे आमच्याकडे यायचे ते कोळणीच्या डोक्यावरच्या टोपलीतून, आणि समुद्र मी पहिल्यांदा नीट पाहिला तो बहरीनला येताना, विमानाच्या खिडकीतून. हे आमच्या पुणेकर साहेबांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि मग अकरा महिने सांगता आलं नाही.

मी इलियास. तेव्हा, म्हणजे १९९५ साली, मनामात एअर कंडिशनर बसवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर क्लार्क होतो. मनामातल्याच नईम भागात एका खोलीत मी आणि कंपनीचा ड्रायव्हर बाळाजी राहायचो. बायको सायरा गावाला होती, मुलगी अल्फिया तिच्याजवळ. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण दर दोन वर्षांनी मिळणारी रजा धरली तरी आम्ही एका घरात राहिलो होतो ते जेमतेम सहा महिने. त्या ऑक्टोबरात माझा ग्रेड वाढला आणि मला फॅमिली व्हिसा मिळण्यासारखा झाला. त्यासाठी फक्त कंपनीचं एक पत्र हवं होतं, आणि पत्रावर मॅनेजरची सही. मॅनेजर म्हणजे आमचे परीक्षित साहेब. मी पत्र टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "बघतो," ते म्हणाले.

आता आम्हा क्लार्क लोकांचा एक नियम आहे. साहेबापुढे कागद एकदा ठेवायचा, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. विचारलं की साहेब चिडतो, आणि चिडला की कागद खाली जातो. साहेबाचा मूड सांभाळायचा, बाकी अल्लावर सोडायचं. हा नियम मला कुणी शिकवला ते आठवत नाही, पण त्याला गाठून दोन थोबाडीत द्याव्यात असं मला आजही वाटतं.

त्याच आठवड्यात झिंज भागात साहेबांच्या शेजारी राहणारा एक अमेरिकन देश सोडून निघाला. त्याने घरातलं सामान विकायला काढलं. साहेब फ्रिज बघायला गेले आणि मासे पकडायचं सामान घेऊन आले. दोन रॉड, एक भारी रीळ, कप्प्याकप्प्यांची हिरवी पेटी आणि मासिकांचा हा एवढा गठ्ठा. सगळं सामान 'बास' नावाच्या माशासाठी होतं. हा बास अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत राहतो. बहरीनमध्ये तळं नाही, गोडं पाणी आम्ही कॅन भरून विकत आणायचो, आणि साहेब जन्माचे शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा नको म्हणायचे. पण मासिकातल्या त्या हसऱ्या, टोपीवाल्या माणसांचे फोटो बघून त्यांना काय झालं कुणास ठाऊक.

मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, सही झाली.

"इलियासभाई, तुम्ही कोकणातले ना?"

"हो साहेब."

"मग फिशिंग तर तुमच्या रक्तातच असणार!"

माझं पत्र त्यांच्या कोपराखाली होतं. "हो साहेब, लहानपणापासून," मी म्हणालो. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी त्यांना शिकवायचं हे तिथल्या तिथे ठरलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी तर गाढवाला पोहायला शिकवायचं कबूल करून आलो होतो.

त्या संध्याकाळी बाळाजीला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून खाटेवरून खाली आला. बाळाजी गुहागरचा. त्याच्या बापाची होडी होती, खरा मासेमारीतला माणूस तो. "मेल्या, तुला गळाला गाठ मारता येत नाय आणि तू उस्ताद झालास?" माझ्याऐवजी तूच जा, असं मी त्याला विनवलं. "शुक्रवारी मना झोप लागते," तो म्हणाला. मग दया येऊन त्याने मला तीन वाक्यं पाठ करून दिली. पाणी अजून चढतंय. वारा बरोबर नाही. मासा आहे, पण खात नाही. "यातलं एक कायतरी नेहमी खरं असतं," तो म्हणाला, "आणि नसलं तरी पुण्याच्या माणसाला काय कळणार?"

दर शुक्रवारी साडेपाचला साहेबांची गाडी खाली यायची. पहाटेची, फजरची नमाज पढून मी त्याआधीच उतरून उभा असायचो. हॉर्न वाजवायची वेळ मी त्यांच्यावर एकदाही येऊ दिली नाही. सित्रा बेटाकडे जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे दगडांचा बांध होता, तिथे आम्ही जायचो आणि जुम्याच्या नमाजाच्या आत परतायचो.

साहेबांचं सगळं मासिकाबरहुकूम. पेटीतून ते रबरी गांडूळ काढायचे. जांभळं, हिरवं, एक तर चमचम टाकलेलं. गळाचं टोक गांडुळाच्या पोटात लपवायचे, म्हणजे शेवाळात अडकत नाही. पुढे शिशाची गोळी. मग झुडपाच्या पलीकडे फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं, रॉडचं टोक उचलून हळूच ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. पाण्यात झुडूप असतं तर फार सुंदर दिसलं असतं. इथे होते कंपन्यांनी टाकलेले काँक्रीटचे तुकडे.

ते रीळ म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. फेकताना त्यावर अंगठा हलका दाबून ठेवायचा असतो. साहेबांचा अंगठा फाइलवर शिक्का मारण्यात तयार झालेला, तो कधी वेळेवर पडायचा नाही. रीळ भरभर फिरायचं, दोरी आतल्या आत उलटायची आणि असा गुंता व्हायचा की बघूनच घाम फुटावा. तो गुंता मात्र मी सोडवायचो. शिंप्याचा मुलगा मी, दोऱ्याला भीत नाही. माझी बोटं बघून साहेब म्हणायचे, "याला म्हणतात पिढ्यान्पिढ्यांचं ज्ञान!" मी मान खाली घालून हसायचो. ते रीळ गोड्या पाण्याचं, समुद्राच्या खारटपणाने गंजायचं. म्हणून दर शुक्रवारी दुपारी आमच्या प्यायच्या पाण्यातलं अर्धं कॅन मी त्या रिळाला अंघोळ घालायला वापरायचो आणि बाळाजीच्या शिव्या खायचो.

शेजारच्या दगडावर एक म्हातारा बहरीनी बसायचा. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी, एक गळ आणि कोलंबीचा तुकडा, एवढाच त्याचा संसार. नऊ वाजेपर्यंत त्याची बादली भरायची. एकदा तो आमच्या पेटीकडे बघून मला म्हणाला, "सदीक, रबर मफी समक." रबराला मासा नाही. हे त्याला पहिल्या मिनिटात कळलं होतं. साहेबांना कळेना, कारण त्यांच्याजवळ माझ्यासारखा जाणकार होता. "काय म्हणतो तो?" त्यांनी विचारलं. "वारा बरोबर नाही म्हणतो," मी सांगितलं.

मी एकदा कोलंबी लावून बघू म्हटलं, तर साहेबांनी अंग चोरलं. "नको हो. माझ्या बॉक्समध्ये नॉनव्हेज नको. श्रेया घरात घेणार नाही." श्रेया म्हणजे त्यांची बायको. शिवाय मासा लागला तरी ते तो परत सोडणार होते. मासिकात तसंच करतात. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. माझ्या गावात हे सांगितलं असतं तर लोकांनी साहेबांसाठी दुवा मागितली असती.

असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. एका शुक्रवारी मला सडकून ताप होता, तरी मी साडेपाचच्या आधी खाली उभा. सायराच्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली, साहेबांना विचारलंत का? मी लिहायचो, मागे लागलोय, इंशाल्ला होईल. मागे लागलोच होतो म्हणा, रॉड घेऊन. एक मोठा मासा लागला की साहेब खूश होतील आणि त्या खुशीत सही करतील, हा माझा हिशेब. त्या एका माशासाठी मी इतकी दुवा मागितली की सायरासाठीसुद्धा कधी मागितली नसेल.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी माझा धीर संपला. साहेब गाडीतून कॅमेरा आणायला गेले होते. माझ्या डब्यात बाळाजीने तळलेल्या कोलंब्या होत्या, पावाबरोबर खायला. मी एक उचलली, जांभळ्या गांडुळाच्या पोटात जिथे गळ लपवला होता तिथे चांगली खोचली, वर गांडूळ ओढून घेतलं आणि रॉड होता तसा ठेवून दिला. म्हातारा बघत होता. तो फक्त मिशीत हसला.

साहेबांनी फेकलं. त्या दिवशी अंगठाही बरोबर पडला. गोळी तळाला गेली, त्यांनी एकदा ओढलं, थांबले, आणि रॉड असा वाकला की आता मोडतोच. "रॉड खाली करा, दोरी गुंडाळा, आता वर!" मी ओरडलो. मासिकं मीही चोरून वाचली होती. दहा मिनिटं झटापट चालली. शेवटी दगडाशी आला तो हामूर, तपकिरी, ठिपकेदार, चार किलोचा तरी असेल. म्हातारा उठून उभा राहिला.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने धरलं तर माशाची त्वचा दुखावते. मी फोटो काढले. मग ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि तो हामूर दोन्ही हातांत धरून तसेच थांबले, तो नीट श्वास घेईपर्यंत. "जा बाबा," ते त्याला म्हणाले, "तुझ्या घरी जा." गेला. सात माणसांचं कालवण डोळ्यांदेखत पोहत गेलं. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला.

साहेब वर आले, मला मिठी मारली. याहून चांगला मूड आयुष्यात सापडणार नव्हता. नियम मोडून मी विचारलं, "साहेब, ते माझं फॅमिली व्हिसाचं पत्र..."

"अरे, ते होय!" ते हसले. "असू द्या हो सध्या. आत्ता कुठे जमायला लागलंय आपलं. फॅमिली आली की तुमचे शुक्रवार संपले."

माशाला त्याच्या घरी धाडणारा हा माणूस! माझं डोकंच फिरलं. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मी जन्मात मासा पकडलेला नाही, माझा बाप शिंपी होता, वारा कुठला नि पाणी कुठलं मला घंटा कळत नाही, हे सगळं बोललो. शेवटी म्हणालो, "आणि तुमचा हामूर गांडुळाला लागला नाही साहेब, माझ्या डब्यातल्या कोलंबीला लागला."

साहेबांनी रॉड हातात घेतला, गांडूळ उलटं करून बघितलं. गळाला कोलंबीची शेपटी शिल्लक होती. पेटी बंद केली. मला नईमला सोडून ते निघून गेले. त्या दिवशी जुम्याला माझं लक्ष लागलं नाही. बाळाजी म्हणाला, "खलास. आता तूच घरी जातोस, फॅमिली कशाला येते."

शनिवारी सकाळी केबिनमधून बोलावणं आलं. माझं पत्र टेबलावर मधोमध होतं, आणि त्यावर सही होती.

"घ्या," साहेब म्हणाले. मी घेतलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "इलियासभाई, हे मी पहिल्याच आठवड्यात करणार होतो. पेन हातात घेतलं होतं. मग तुम्ही पहिल्या शुक्रवारी हॉर्नच्या आधी खाली उभे. दुसऱ्याही. अंगात ताप, तरी आलात. मी श्रेयाला म्हटलं, या माणसाला आठवड्यात हा एकच आनंद आहे. बायकोमुलं आली की तोही जाईल बिचाऱ्याचा. तुम्ही कालपर्यंत पत्राचं कधी नावसुद्धा काढलं नाहीत. मला वाटलं, तुम्हालाच घाई नाही."

मी तिथेच उभा राहिलो. मला रडू येत होतं. साहेबांचा राग यावा म्हणून मी मनातल्या मनात खूप प्रयत्न केला, पण राग करावा असा माणूस त्या केबिनमध्ये एकच होता, आणि पत्र त्याच्याच हातात होतं.

"विचारायचं हो," साहेब हळूच म्हणाले. "एकदा विचारायचं."

संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी, बाब अल बहरीनजवळच्या फोनवरून गावाला शेजाऱ्यांकडे फोन लावला. सायरा धावत आली असणार, तिला दम लागला होता. सही झाली म्हटल्यावर ती एकदम रडायलाच लागली.

"अल्लाचं शुकर," ती म्हणाली. "अकरा महिने त्या साहेबाला विचारत राहिलात, म्हणून झालं हे."

"हो," मी म्हणालो.